मूलद्रव्यांची नावं आणि माझी एनओसी

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. कोणी विचारलं नाही, हे सोयीचं कारण होतं. मुलालाही ठाऊक नाही.

लग्नाआधी माझी बायको कोकणातल्या एका हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवायची. मूलद्रव्यांचा तक्ता ती पाठ करून घेत नसे, प्रत्येकाच्या नावाची गोष्ट सांगे. कोबाल्ट म्हणजे जर्मनीच्या खाणीतला देवचार. चांदी समजून दगड वितळवावा, तर हाती विषारी धूर. मग कामगार म्हणायचे, भुतानं चांदी पळवली! हेलियमचं नाव सूर्यावरून, कारण तो पृथ्वीवर सापडायच्या आधी सूर्याच्या उजेडात दिसला. तेव्हा तो धातू असावा असं वाटलं, म्हणून नावाला सोडियमसारखं धातूचं 'इयम' हे शेपूट लागलं ते कायमचंच. झेनॉन म्हणजे परका. आर्गॉन म्हणजे आळशी, कारण तो कुणात मिसळत नाही.

लग्नानंतर ती इथे आखातात माझ्याकडे आली. मी इंडस्ट्रियल एरियातल्या एका प्रयोगशाळेत पाणी तपासायचो. संध्याकाळी घरी आलो की हलायचो नाही. ती म्हणायची, "उठा हो आर्गॉन, निदान स्वतःचं ताट तरी उचला."

मुलगा शाळेत जायला लागल्यावर तिनं इथल्या एका शाळेत अर्ज केला. वर्गावर एक धडा घेऊन दाखवायचा होता. आठवडाभर ती स्वयंपाक करता करता देवचाराची गोष्ट इंग्रजीत घोळवत होती. भाजी दोनदा करपली.

ती माझ्या व्हिसावर होती. अशा बाईला नोकरी करायची तर नवऱ्याची एनओसी लागायची, त्याची हरकत नाही असं लेखी. म्हणून शाळेतून फोन आला तो मला, कामावर. मॅडमचा धडा फार आवडला, तेवढी एनओसी पाठवा, असं म्हणाले.

मी म्हणालो, "तिचा विचार बदलला आहे."

घरी आल्यावर मला गरम जेवण हवं होतं. एवढंच कारण. मोठं काही असतं, तर लिहायला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी तिला सांगितलं, "शाळेनं नाही म्हटलं. इंग्रजी कमी पडलं म्हणाले."

पोळी लाटता लाटता ती थांबली. "वाटलंच मला. पोरं हसत होती. मला वाटलं, गोष्टीला हसतायत."

त्यानंतर तिनं कुठेच अर्ज केला नाही. मला आर्गॉन म्हणणंही बंद झालं. पुढे मुलानं तिला विचारलं, सोडियमची खूण एनए का? ती म्हणाली, "बाबांना विचार. त्यांचं इंग्रजी चांगलं आहे." मी म्हणालो, "पाठ कर."

आता मुलगा आणि सून वेस्ट बे भागातल्या ऑफिसांत कामाला जातात, नात शाळेत. अल हिलालच्या या फ्लॅटमध्ये दिवसभर मी आणि एसीचा आवाज. नात हल्ली तक्ता पाठ करते. मराठी तिला कळतं, उत्तर इंग्रजीत देते. गोष्टी सांगाव्यात असं मनात येतं, पण त्या माझ्या नाहीत. ज्यांनी ऐकायच्या होत्या, त्या वर्गाला त्या मिळाल्याच नाहीत.

बायको गेली त्याच्या आदल्या दुपारी मी हॉस्पिटलात तिच्याजवळ बसलो होतो. ती एकाएकी म्हणाली, "अहो, त्या शाळेच्या वेळी माझ्यामुळे तुम्हाला खाली बघावं लागलं असेल ना? राग नाही ना?"

"असू दे गं," मी म्हणालो. तिनं डोळे मिटले. नर्स आली, मी खुर्ची मागे घेतली.

मी तिला माफ केलं, असंच समजून ती गेली. सांगायचं होतं ते एवढंच: शाळेला तू हवी होतीस. नाही म्हणालो तो मी. मला माफ कर.