सासूची नदी, जावयाची नाव

माझा काका होड्या बांधायचा. आमच्याकडची नदी म्हणजे दगडांवरून उड्या मारत उगाच आरडाओरडा करणारं पाणी, रुंदी जेमतेम चार ढांगा. काकाच्या होड्याही तशाच, चिमुकल्या. त्याची सासू मात्र खूप खाली राहायची. तिथवर दहा ओढे येऊन मिळतात, म्हणून नदीचं पोट चांगलंच सुटलेलं. लोकांना पैलतीरी नेणारी नाव तिचीच. “जावईबापू खेळणी छान करतात हो,” असं ती चारचौघांत म्हणायची आणि काकाच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

तिची नाव कुजली तेव्हा ती म्हणाली, “बघा जमतंय का. नाहीतर दुसरा कारागीर आहेच.” आता काका इरेला पेटला. खाली जाऊन त्याने नदीची रुंदी मापली, खोली मापली. वरून पेंगल्यासारखं दिसणारं ते पाणी आमच्या खळखळाटापेक्षा जोरात पळतं, हे त्याची छत्री पडली तेव्हा त्याला कळलं. छत्री गेली ती गेलीच. घरी येऊन त्याने तीस माणसं बसतील अशी भक्कम नाव बांधली.

सगळ्या गावाने जोर लावून ती पाण्यात ढकलली. नावेचं नाक धाडकन समोरच्या काठावर, शेपूट अलीकडच्या काठावर, आणि खालून नदी खुशाल वाहतेय! वळवायलाही जागा नाही. शहाण्याने सासूची नदी मापली होती, स्वतःची मापायची राहूनच गेली. शेजारीण तेवढ्यात शेळ्या घेऊन नावेवरून पलीकडे गेली. “पूल झाला ते बरं झालं,” म्हणाली. काकू हसता हसता रडायला लागली, कारण आईला तोंड तिलाच द्यायचं होतं.

शेवटी काकाने नाव फळी फळी सुटी केली, गाड्यांवर लादली आणि सासूच्या अंगणात पुन्हा जोडायला बसला. सासूही रोज समोर स्टूल टाकून बसायची. “हा खिळा वाकडा गेला.” काका दात-ओठ खाऊन खिळा उपटायचा. खिळा खरंच वाकडा असायचा, हे जास्त वाईट.

नाव पाण्यात उतरली त्या दिवशी वल्हं सासूनेच धरलं. भर धारेतही नाव डगमगली नाही. पण पैलतीरी पोहोचल्यावर सासू उतरेचना. काकाचं धाबं दणाणलं.

“आई, गळतेय का?”

“गप बसा.” तिने डोळे पुसले. मग काठावर खोळंबलेल्या लोकांवर खेकसली, “थांबा जरा! माझ्या लेकाने बांधलीय. अजून एक फेरी मी एकटी मारणार!”