लांबूनच

फ्रेमवाल्या काकांनी उभं आयुष्य काच कापण्यात घालवलं. बोट कापलं की चिंधी गुंडाळायची आणि पुढची काच घ्यायची. एकदा मात्र अंगठ्याचं रक्त थांबेचना. दवाखान्यात कळलं की तरुणपणीच्या काविळीनं यकृत आतून पोखरलं होतं. रक्त गोठवणारे घटक यकृतातच तयार होतात, ते आता कमी पडत होते. "काचकाम बंद करा, जपा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

काकांनी ते फारच मनावर घेतलं. दुकान विकलं, वस्तऱ्याच्या भीतीनं दाढी वाढवली. 'लिव्हर' म्हटलं की ओळखीचे लोक बाटलीच्या खुणा करून हसायचे. थेंबालाही न शिवलेले काका खुलासे देऊन थकले आणि बाहेर पडेनासे झाले. नात धावत आली की हात आडवा करायचे. "लांबूनच बाळा, लांबूनच." लेकीचं येणं हळूहळू कमी झालं. चाललो तर पडू, पडलो तर रक्त थांबायचं नाही, म्हणून काका दिवसभर खिडकीपाशी खुर्चीत बसून राहायचे.

मग डावी पोटरी सुजली.

"दाखवून या ना बाबा," लेक फोनवर म्हणाली.

"लिव्हरवाल्यांचे पाय सुजतातच."

"एकच पाय?"

"गुठळी म्हणशील तर ती व्हायची नाही. माझ्या रक्ताचं पाणी झालंय."

लेक रिक्षा घेऊनच आली. तपासणीत पायातल्या शिरेत गुठळी निघाली.

"पण माझं रक्त गोठत नाही ना?" काका चक्रावले.

"काका, रक्त गोठवणारे घटक यकृत बनवतं, तसे गोठणं आवरणारेही तेच बनवतं. तुमच्याकडे दोन्ही कमी झालेत. अशा तराजूला जरासा धक्का पुरतो, तो कुठेही कलतो. तुम्ही नुसते बसून राहिलात, तो गुठळीच्या बाजूला कलला. औषध देते, मधूनमधून रक्त तपासू. सूज उतरली की रोज चालायचं."

"आणि नात मांडीवर बसली तर?"

"बसू दे की. नको कोण म्हणालं?"

काकांनी आठवून पाहिलं. कुणीच म्हणालं नव्हतं.

सूज उतरल्यावर ते भिंतीच्या कडेकडेनं चालत लेकीच्या घरी गेले. दार नातीनं उघडलं. काका धापा टाकत खुर्चीत टेकले आणि त्यांनी मांडी थोपटली.

नातीनं पाणी आणलं. पेला स्टुलावर ठेवला, स्टूल पायानं त्यांच्याकडे सरकवलं आणि मागे जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली.

"लांबूनच, आजोबा," ती समजुतीनं म्हणाली.