चेष्टा होती है

झाशीत कोचिंग करते म्हटलं की लोक विचारतात, गणिताचं की फिजिक्सचं? मी सांगते, माणसांचं. मग समोरचा ‘अच्छा जी’ म्हणतो आणि विषय बदलतो. खुशाल बदलू दे. ज्याचं पाऊल कुठेतरी अडलंय त्याच्यासमोर बसून त्याचं नीट ऐकायचं, हे माझं काम. ते शिकायला मला पन्नाशी गाठावी लागली, आणि शिकवलं ते माझ्याच एका चुकीने. जिच्यामुळे शिकले तिला विचारूनच हे लिहितेय.

ती बिजौलीच्या एका छोट्या कारखान्यात पुठ्ठ्याची खोकी बनवायच्या कामावर होती. बारा वर्षं. आमच्यासारखीच इथल्या जुन्या मराठी घरातली, पण आम्ही बोलायचो हिंदीतच. तसं मीच ठरवलं होतं. घरची भाषा घरी, उगाच नातेवाईकपणा नको. आता तिला सुपरवायझर करत होते. सोमवारपासून रोज सकाळी तीस माणसांपुढे उभं राहून दिवसाचं काम समजावून सांगायचं. बारा वर्षांनी चालून आलेली जागा, आणि ही बाई शनिवारी जाऊन ‘मला नको’ म्हणून सांगणार होती. आमची शेवटची बैठक शुक्रवारी.

माझ्या पुढ्यात प्रश्नांचा कागद. मी जिथून प्रमाणपत्र घेत होते तिथल्या मार्गदर्शक बाई लॅपटॉपवरून, तिच्या संमतीनेच, सगळं बघत होत्या आणि गुण देत होत्या. मी पहिला प्रश्न विचारला, लोकांपुढे बोलताना नेमकं काय होतं?

ती म्हणाली, “मैं मुँह खोलती हूँ तो चेष्टा होती है।”

मी कागदावर लिहिलं, बोलायला फार प्रयत्न करावा लागतो. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. माझी शाळा हिंदी, बाजार हिंदी, डोकंही हिंदीच झालेलं. वाक्य जरा वाकडं वाटलं, पण मान वर करून बघेल कोण? मी तिला श्वास घ्यायला लावला. चार मोजत आत, चार मोजत बाहेर. मग विचारलं, आता चेष्टा थोडी कमी वाटते का?

“साँस लेने से कैसे कम होगी, दीदी?” ती म्हणाली आणि पर्स उचलायला वाकली.

तेव्हा कुठे मी तिच्या तोंडाकडे बघितलं. कान लालबुंद. अगं बाई, ही आपल्या घरातली चेष्टा! हिला लोक हसतात, आणि मी हिला श्वास मोजायला लावतेय. मला स्वतःचा असा काही संताप आला की सांगता सोय नाही. मी कागद पालथा घातला आणि मराठीत विचारलं, “कोण करतं चेष्टा?”

ती पुन्हा बसली. मग सगळं बाहेर आलं. पुण्याकडचे पाहुणे तिच्या ‘येऊन राहिले’ला हसतात, म्हणून मराठी बोलणं बंद. कारखान्यात एक जण रोज उशिरा यायचा, त्याच्यावर ती एकदा भडकली. रागात जीभ घरी पळाली आणि ती म्हणाली, तुम्हें शिक्षा मिलेगी. हिच्या मनात दंड, त्यांच्या कानात शाळेतलं शिक्षण. अख्खी शेड हसली. नाव पडलं मास्टरनी. तेव्हापासून मूग गिळून बसलेली.

मला शहाणपणाच्या शंभर गोष्टी सुचल्या. एकही बोलले नाही. रडू दिलं. पाणीसुद्धा पुढे केलं नाही, कारण पाणी दिलं की माणूस रडणं आवरतं. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, “ताई, तुमची करतात?”

स्वतःबद्दल बोलायचं नाही, असा आमचा नियम. गेला खड्ड्यात. मी म्हटलं, “करतात. अजून करतात. आणि मी अजून बोलते.”

ती आपणहून उभी राहिली. मलाच तीस माणसं समजून तिने सोमवारचं काम सांगितलं. निम्मी हिंदी, थोडी बुंदेली, मधे एक-दोन शब्द घरचे. मी एकही दुरुस्त केला नाही.

मार्गदर्शक बाईंनी नापास केलं. भाषा बदलली, स्वतःची गोष्ट सांगितली, चार प्रश्न विचारलेच नाहीत. बैठक दुसऱ्या कोणाबरोबर पुन्हा करा म्हणाल्या. मी म्हटलं, माझ्यासमोर बाई बसली होती, कागद नव्हता. मी काही पुन्हा करणार नाही. प्रमाणपत्र अजून मिळालेलं नाही. नाकाने कांदे सोलणाऱ्यांनी सोलत बसावं, माझ्याकडे माणसं येतात.

शनिवारी ती नकार द्यायला गेली नाही. सोमवारी दुपारी तिचा फोन आला. सकाळी उभी राहिली तर आवाज कापायला लागला, मागून कोणीतरी ‘मास्टरनी जी’ म्हणालं आणि सगळे हसले. मी विचारलं, मग तू काय केलंस?

काहीच नाही, म्हणाली. त्यांचं हसून होईपर्यंत थांबले. मग म्हटलं, “हँस लिए? अब सुनो। तीन सौ डिब्बे आज शाम तक मोठ के गोदाम जाने हैं।”

“मग?”

“मग काय, ताई. लागले कामाला.”