क्लॅरिनेटच्या दोन ओळी

सुनेत्राला वेड लागलंय, ही बातमी मेलबर्नजवळच्या टार्निटमधल्या त्या गल्लीत ऑगस्ट २०२० मध्ये एका वॉकमध्ये पसरली. लॉकडाऊनमध्ये फिरायला तासभरच परवानगी. शेजारच्या लीनाला तेवढा पुरला. गॅरेजचं शटर अर्धं वर, आत रिकाम्या खुर्च्या मांडलेल्या, आणि त्यांच्यासमोर ही बाई जाडजूड स्वेटरात हातवारे करतेय! नवरा सोडून गेला असणार, हेही लीनानेच ठरवून टाकलं. नवरा, प्रताप, कोपऱ्यात मोबाइल धरून शूटिंग करत होता, तेवढा मात्र तिला दिसला नाही.

वेडबिड काही नव्हतं. सुनेत्रा ऑर्केस्ट्राची कंडक्टर. चाळीस वादक चाळीस घरांत अडकलेले, आणि कॉलवर एकत्र वाजवावं तर आवाज मागेपुढे. म्हणून आधी तिने एकटीने हात चालवायचे, तो मुका व्हिडिओ बघत प्रत्येकाने घरी वाजवायचं, मग सगळं जोडायचं. खुर्च्या एवढ्यासाठी, की व्हायोलिनला खूण करताना नजर वॉशिंग मशीनवर जाऊ नये.

पुण्याहून आली ती सगळ्यांसारखी आयटी शिकायला. युनिव्हर्सिटीच्या ऑर्केस्ट्रात मागच्या रांगेतून सरकत सरकत पुढे येऊन उभी राहिली, ती राहिलीच. वडील गुरुदत्त लग्नाच्या बँडचे मास्तर, क्लॅरिनेट फुंकत वरातीपुढे चालणारे. त्यांना लेकीचं काम कळेचना.

"वाजवत काहीच नाहीस? मग बोलावतात कशाला तुला?"

"एकदा येऊन बघा ना, बाबा."

एप्रिलचं तिकीट काढलं, मार्चमध्ये सीमा बंद झाल्या. मग तिनेच युक्ती केली. रचनेत क्लॅरिनेट एकटीच वाजते, त्या दोन ओळी बाबांना दिल्या. व्हिडिओ बघायचा, पुण्यात फोनवर वाजवून पाठवायचं. मास्तर कुरकुरले, "माझ्या इशाऱ्यावर पंधरा माणसं वाजवायची. आता मी तुझ्या हाताकडे बघू?" पण रोज बघत होते. "आणखी थोडं बसू दे, मग पाठवतो," म्हणाले. सप्टेंबरात ताप आला, दवाखान्यात गेले, ते घरी आलेच नाहीत. सुनेत्राने स्मशान फोनवर पाहिलं, गॅरेजमध्ये, क्लॅरिनेटच्या खुर्चीवर बसून.

बाकी सगळ्यांचं वाजवणं आलं. त्या दोन ओळी दुसऱ्या कुणाकडून घ्यायला तिने साफ नकार दिला. जोडलेल्या व्हिडिओत तिचा डावा हात उठतो, कुणालातरी ये म्हणतो, आणि काहीच ऐकू येत नाही.

तो बघून लीना डबा घेऊन शटरपाशी आली, मास्कच्या वर डोळे रडून सुजलेले. "अगं, लोकांना वाटेल आवाजच गेला."

सुनेत्रा म्हणाली, "वाटू दे. चाळीस वर्षं लोकांच्या लग्नांत वाजवलं त्यांनी. लेकीच्या कार्यक्रमात दोन ओळी गप्प बसले, तर बिघडलं कुठे?"