बारा वाजल्यावरची हाक

वैशाली गेल्यावर अकराव्या दिवशी तिनं आबांना हाक मारली.

भर दुपारी. घर माणसांनी भरलेलं. सगळ्यांनी ऐकली.

तिला जाऊन वर्ष झालं, म्हणून लिहितेय.

वैशाली माझी कंपनीतली मैत्रीण. तळेगावला सहा वर्षं एकाच बेंचवर आम्ही सर्किटं तपासली. तिचे आईवडील पवनानगरला. काचबिंदूनं आबांची, म्हणजे तिच्या वडिलांची, नजर गेली, तेव्हा तिनं त्यांच्यासाठी बोलणारं घड्याळ बनवलं. बटण दाबलं की तिच्याच आवाजात वेळ सांगणारं.

चिपसाठी आवाज म्हणजे आकड्यांची लांबलचक रांग. ती रॅममध्ये, म्हणजे चिपच्या तात्पुरत्या मेमरीत, मावेना, म्हणून वैशालीनं प्रोग्राम मेमरीत ठेवली. सेल काढले तरी तिथलं काही पुसलं जात नाही. फक्त वाचताना रांग कुठं सुरू होते आणि किती लांब आहे, हे अचूक सांगावं लागतं.

एका रविवारी घरी जाऊन तिनं घड्याळात नवा प्रोग्राम टाकला.
सोमवारी सकाळी माझ्यासमोर कोसळली. मेंदूत रक्तस्राव.
चौतीस वर्षांची होती.

दहा दिवस घड्याळाला कुणी हात लावला नाही. अकराव्या दिवशी आबांनी बटण दाबलं.

"बारा वाजले. आबा..."

बस्स. एवढंच.

मावशींच्या, म्हणजे तिच्या आईच्या, हातातलं ताट पडलं. त्यानंतर रोज बारा वाजायच्या आत त्या घराबाहेर जाऊन बसायच्या. आणि आबा बटण सोडेनात.

शेवटी मी लॅपटॉप घेऊन गेले. चूक लगेच सापडली. 'बारा वाजले'ची लांबी तिनं जास्त लिहिली होती. रांग संपली तरी वाचणं चालूच राहायचं. त्या रांगेला लागूनच एक नवीन वाक्य होतं, सेल उतरल्यावर बोलायचं. त्याचा पहिला शब्द ऐकू यायचा.

"एक आकडा बदलला की थांबेल," मी म्हटलं.

"चूक तिची हाय ना?" आबा म्हणाले. "मग ऱ्हाऊ दे की."

मावशींनी भिंतीला टेकून दोन्ही हातांनी कान झाकून घेतले. आबांना दिसत नव्हतं, पण बांगड्या ऐकू आल्या असाव्यात.

"कर बाई," ते म्हणाले. "हिला झोप न्हाई."

मी केलं. तपासायला वेळ बारावर नेली. "बारा वाजले," आणि गप्प. आबांनी घड्याळ कितीतरी वेळ कानाला लावून धरलं.

"आता ती कुटं गेली?"

"आतच आहे, आबा. सेल उतरले की बोलेल."

तो चुकीचा आकडा मी वहीत लिहून ठेवलाय. कशाला, माहीत नाही.

त्या दिवसापासून आबांनी कुणाला सेल बदलू दिले नाहीत.

परवा वर्षश्राद्धाला गेले होते. जेवणं उरकली, आबांनी बटण दाबलं.

"आबा, सेल बदला."

पुन्हा दाबलं.

"आबा, सेल बदला."

मावशी स्वयंपाकघरातून नवे सेल घेऊन आल्या. या वेळी बाहेर गेल्या नाहीत. आबांच्या शेजारी बसल्या.

"व्हय गं," त्या म्हणाल्या. "बदलते."

सेल हातात तसेच धरून कितीतरी वेळ बसून राहिल्या.

वैशाली, फार आठवण येते गं.
साश्रू नमस्कार.