शेवटांची वही

हाफिजजी बोलताना वाक्याचा शेवट कधी गिळत नसत. “गुरुजी, पाणी घ्या,” एवढे म्हणतानाही त्यांचे ‘घ्या’ स्वच्छ ऐकू येई. जुन्नरात गाद्या शिवणाऱ्या या माणसाला सारे कुराण तोंडपाठ होते. रमजानात मशिदीत ते म्हणणे त्यांनी गर्वापोटी सोडले, असे आज सांगितले जाते. हे साफ खोटे आहे. खरे कारण माझ्याखेरीज कोणाला ठाऊक नाही.

मी संस्कृतचा शिक्षक. नव्वदनंतरच्या कित्येक दुपारी येडगावहून एसटीने येऊन, दुकानातल्या कापसाच्या ढिगाशेजारी बसून मी त्यांच्याशी भांडलो. कुराणात वृत्त नाही, तर ही कविता नव्हे, हे माझे म्हणणे. ते म्हणत, “कविता हाय असं म्हणलं कुणी? तुमी आयतीचा शेवट ऐका.” आयत म्हणजे कुराणातले एकेक वचन; तिच्या शेवटी थांबताना अखेरचा ऱ्हस्व स्वर गळे, ‘आलमीना’चे ‘आलमीन’ होई. कितीतरी आयती ‘ऊन’, ‘ईन’ यांवर उतरत. कुठे ईश्वराची दोन विशेषणे जोडीने येत: ग़फूर, रहीम. पुढच्या भांडणात उपयोगी पडावेत म्हणून मी केवळ ते शेवट क्रमाने वहीत उतरवले.

“निस्ते शेंडे खुडता राव,” ते हसले. “मधलंबी लिवा की.”

मी लिहिले नाही.

दोन हजारनंतर त्यांची दृष्टी गेली आणि पाठोपाठ आयती मध्येच तुटू लागल्या. पाठ म्हणणाऱ्याची चूक धरायला ऐकणाराही हाफिज, म्हणजे सारे कुराण पाठ असलेला, लागतो. गावात तसा एक तरुण होता. त्याच्यापुढे अडखळणे हाफिजजींना सोसेना. याला कोणी गर्व म्हणो, मी लाज म्हणतो. रमजान महिनाभरावर आला तेव्हा त्यांनी मला बोलावले. “कुटं बोलू नका. वही आणा. मी म्हणतो, तुमी धरा.”

तिसरीच आयत अर्ध्यावर अडली. मी वहीत पाहून सांगितले, “रहीम.”

“ते हाय. शेवट समदे हायेत माज्याकडं. मधलं सांगा.”

कुराणाची छापील अरबी प्रत फळीवर होती. त्यांना दिसत नव्हती, मला वाचता येत नव्हती.

“लिवा म्हणलं व्हतं ना, गुरुजी,” ते हळू म्हणाले. रागावले असते तर भांडता तरी आले असते.

त्यांनी मशिदीत नकार कळवला, कारण दिले नाही.

अखेरच्या आजारात त्यांना सारे पुन्हा आठवले, असेही कोणी सांगतात. मी उशाशी होतो. मी एकेक शेवट वाचत होतो. ते मान हलवत आणि त्याच्या आधीचे काही येईल म्हणून माझ्याकडे तोंड करून थांबत.