दार लावणारे बरफचाचा

"आत कोन हाय का?" असं विचारल्याशिवाय बरफचाचांनी कधी दार लावलं नाही, आणि उघडं दिसलेलं दार लावल्याशिवाय ते कधी पुढे गेले नाहीत. मग ते न्हाणीघर असो, किराणा दुकान असो की दुसऱ्याची मोटार. बहारीनमध्ये, माहूज वस्तीतल्या आमच्या खोलीत तर हा रोजचा छळ होता. तुम्ही नुसते स्वयंपाकघरात मीठ घ्यायला वळलात की मागून हाक यायची. "आहे" म्हणालात की चाचा दार हातात धरून उभे. "हायस तर बाहेर ये लवकर. मी काय सकाळपर्यंत धरून उभा ऱ्हाऊ?" पण दार काही सोडायचे नाहीत. आमचा मल्याळी शेजारी म्हणायचा, या माणसाला स्वर्गात घेतलं तर तिथल्या दरवानाची नोकरी जाईल.

ही खोड त्यांच्या धंद्यातली. मनामाच्या एका शीतगृहात ते मिस्त्री होते आणि मी तिथलीच पिकअप चालवत होतो. शीतगृहातला कायदा असा, की आवाज देऊन, उत्तराची वाट पाहून मगच दार ओढायचं. बाहेरून कडी पडली की आतल्या माणसाची हाक कुणाला ऐकू जात नाही. बाकीचे मिस्त्री हा कायदा कामापुरता पाळायचे. चाचांनी तो जगाला लावला होता. बहारीनच्या उन्हाळ्यात बाहेर डांबर वितळायचं आणि हे कानटोपी घालून गोठलेल्या माशांमधून फिरायचे, म्हणून बरफचाचा. खरं नाव घरचे आणि पासपोर्ट सोडून कुणी घेत नव्हतं.

ते दाभोळच्या खाडीकाठचे, मी संगमेश्वरचा. एवढ्या आधारावर त्यांनी मला पहिल्याच दिवशी गाववाले म्हणून ताब्यात घेतलं. तारुण्य त्यांनी जहाजावर काढलं होतं. त्यांच्या गावचे बरेच मुसलमान तसे बोटीवरचेच. पण बाकीचे किनाऱ्याला लागल्यावर दम घेतात, हा गृहस्थ जमिनीवरही डोलत असायचा. जेवताना उभे. रेडिओवर बातम्या लागल्या की येरझाऱ्या. शुक्रवारी, आठवड्याच्या एका सुट्टीला, मी जरा आडवा झालो की नमाजाहून आलेले चाचा पायाच्या अंगठ्याने माझी चटई हलवायचे. "यल्ला, चल. गाडी काढ."

कुठे, हे विचारायची सोय नव्हती, कारण ते ठरलेलं असे. ब्रिटिश फौज बहारीन सोडून गेल्याला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. झल्लाकच्या वाटेवर, खजुरीच्या बागा संपल्या की माळावर त्यांची एक छावणी ओस पडली होती. पत्र्याच्या बराकी, भोजनगृह, आणि पोहण्याचा तलाव, ज्यात आता काठोकाठ वाळू. हिद्दकडे समुद्राच्या तोंडावर कुठल्या तरी जुन्या लढाईतली तोफेची चौकीही होती, म्हणजे आता नुसता चौथरा आणि मागे एक अंधारी खोली. माणसं सुट्टीच्या दिवशी बाजारात जातात, ओळखीपाळखीच्यांकडे जातात. आम्ही इंग्रजांच्या पडक्या बराकी बघायला जायचो. माझ्या बायकोला हे पत्रात लिहिलं तेव्हा तिने कळवलं की हवापालट करून या.

पण गंमत अशी, की चाचांबरोबर गेलं की त्या भकास जागेला माणसं फुटायची. बराकीच्या उंबऱ्यावर ते चपला काढत, सलाम करत, मग आत. भिंतीवरच्या खिळ्यांच्या ओळीकडे बघून म्हणत, "हितं टोप्या. उंच मानूस दाराजवळ झोपायचा, बघ त्याचा खिळा किती वर हाय." उलटी पडलेली खुर्ची सरळ करत. कशालाही हात लावून खिशात घालत नसत, मलाही घालू देत नसत. मग भोजनगृहाच्या पायरीवर बसून आम्ही खुब्ज, म्हणजे तिकडची रोटी, आणि तळलेला मासा खायचो, म्हणजे मी बसायचो, चाचा हातात तुकडा घेऊन फिरायचे. निघताना प्रत्येक खोलीच्या दाराशी तीच हाक. "आत कोन हाय का?" थांबायचं. वाऱ्याने पत्रा वाजायचा. मग दार ओढून घ्यायचं, बिजागरी निखळलेली असेल तर दगड लावायचा. मी एकदा चिडून म्हटलं, "चाचा, गोऱ्यांनी जाताना लावली नाहीत, तुम्हाला काय पडलंय?" ते म्हणाले, "ते लावून गेले असते तर मी कशाला आलो असतो?"

खरं कारण मला बऱ्याच दिवसांनी, तेही तुकड्यातुकड्यांनी कळलं. शीतगृहाचं यंत्र दुरुस्त होईपर्यंत मी आत बत्ती धरून उभा असे, आणि त्या गारठ्यात त्यांची जीभ सैल होई. ते बोटीच्या बॉयलरवर आगवाले असताना त्यांची बोट एकदा नॉर्वेच्याही वर, पार उत्तरेला गेली होती. समुद्रात बर्फ, किनाऱ्यावर बर्फ. इंजिनाच्या पंपाचा नळ फुटला. किनाऱ्यावर दुसऱ्या महायुद्धाच्या वेळची एक लष्करी ठाण्याची इमारत दिसत होती, माणूसबिणूस नाही. तिथे काही लोखंड मिळतं का बघायला मालमाने, म्हणजे बोटीवरच्या अधिकाऱ्याने, चार खलाशी उतरवले. त्यांत चाचा.

"बरफात काय कुजत नाय, गाववाले," ते सांगत. "मेजावर पेले मांडलेले. पेल्यात चहा, दगडासारखा. भिंतीला कोट टांगलेला, हात लावला तर फळीसारखा वाजला. जनू आताच उठून गेले." बाकीचे नळ शोधत होते, हे प्रत्येक वस्तू बघत फिरत होते. आतल्या बाजूला आणखी एक दार होतं. बंद. ते उघडणार तोच बोटीचा भोंगा झाला, बर्फ सरकायला लागला होता. सगळे पळाले. चाचा सगळ्यांच्या मागे. बाहेरचं दार त्यांनी ओढलं, पण उंबऱ्यावर बर्फ साचलेला, ते लागेना. भोंगा पुन्हा झाला. त्यांनी तसंच सोडलं.

"शेवटचा मी," ते म्हणत. "दार उघडं ऱ्हायलं आनि आतल्या खोलीत मी आवाज पन नाय दिला. कोन असंल तर?"

"चाचा, लढाई संपून किती काळ लोटला होता. कोण असणार?"

"ते मला पन कळतं," म्हणायचे आणि पान्याने नळ उगीच ठोकत बसायचे. त्यांना ते कळत होतं, पण पायांना कळत नव्हतं, एवढंच.

सगळ्या जगाची दारं लावणाऱ्या या माणसाचं स्वतःचं घर मात्र त्यांच्यावाचून चाललं होतं. घरी फक्त चाची. मूलबाळ नाही. चाचींना काचबिंदू झाला होता आणि नजर हळूहळू जात चालली होती. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आहे ती जपा, गेलेली परत येणार नाही. चाचींना लिहिता येत नव्हतं, त्या कॅसेट पाठवायच्या. गावचा कुणी रजेवरून आला की खोबऱ्याच्या वड्यांबरोबर कॅसेट यायची. प्रत्येक कॅसेटमध्ये तेच: दिसतंय तोवर या. चाचा दरवर्षी म्हणायचे, पुढच्या ईदेला कायमचा जातो. रजेवर जायचेही, पण रजा संपायच्या आतच परत. ओट्यावर बसवत नाही म्हणायचे. मी रागावलो की उत्तर तयार: "बदली मानूस मिळू दे. ताबा दिल्याशिवाय जागा सोडायची नाय." बोटीवरचा नियम. कंपनीला बदली माणूस हवा होता कुठे? सगळ्यांचं बरं चाललं होतं, चाची सोडून.

एका शुक्रवारी नवी कॅसेट आली होती ती आम्ही छावणीत, पिकअपमध्ये लावली. आधी कोंबड्यांचा आवाज, मग चाची. सावकाश, खाली बघून बोलल्यासारख्या. "आता दिव्याची वात दिसते, दिवा धरनारा दिसत नाय. तुम्ही कवा पन येता, न सांगता. मला उठून कडी काढेपर्यंत येळ लागतो, पडते मी. म्हनून आता दाराला कडी लावतच नाय. रातचं पन नाय. तुम्ही आलात की तुम्हीच लावा."

चाचांनी कॅसेट थांबवली. असं भडकलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "ही बाई रातचं दार उघडं टाकते. एकटी. अक्कल हाय का?" मग गाडीतून उतरले आणि वाळूने भरलेल्या त्या तलावाभोवती फिरत सुटले. मी म्हटलं, "चाचा, तिला शिव्या देऊन कडी लागणार आहे का? जाऊन लावा." ते फिरतच राहिले. त्या दिवशी त्यांनी खाल्लंही नाही. मला त्यांचा राग येत होता आणि कीवही येत होती. दोन्ही एकदम आलं की माणूस नुसता गाडीचं स्टिअरिंग धरून बसतो, तसा मी बसलो.

पुढच्या शुक्रवारी आम्ही पुन्हा गेलो तर छावणी नव्हती. बुलडोझर फिरला होता. बराकींचे पत्रे एका बाजूला रचलेले, तलावाच्या जागी सपाटी. भटारखान्यामागे इंग्रजांची मांस ठेवायची थंड खोली होती. तिचं जाड दार वाळूत उताणं पडलं होतं, कडी लागलेली, चौकटीसकट. ती कडी चाचांनीच लावलेली. बाजूला भिंत नाही, खोली नाही. पाकिस्तानी ड्रायव्हर यंत्राच्या सावलीत चहा पीत होता. चाचा त्या दाराशी उकिडवे बसले. त्यांनी कडी काढली, पुन्हा लावली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "इतकी वर्सं मी कुनाची दारं लावत व्हतो रे?"

मी म्हटलं, "परक्यांची."

"खलास," म्हणाले आणि उठले.

त्याच महिन्यात त्यांनी नोकरी सोडली. बदली माणूस आलाच नव्हता, मॅनेजर अडून बसला, पण जन्मात पहिल्यांदा चाचांनी ताबा न देता जागा सोडली. विमानतळावर गळाभेट झाली. मला वाटलं आता काही तरी मोठं बोलतील. ते म्हणाले, "खोलीच्या बिजागरीला तेल घाल. दार वढताना करकरतं." मला हसू आलं, आणि खोलीवर येऊन तेल घालताना रडूही आलं.

मी त्यांच्या गावी पोचलो तो थेट काही वर्षांनी, रजेवर. चाची नुकत्याच गेल्या होत्या. चाचा ओट्यावर बसले होते. बसले होते, हेच मला आधी खरं वाटेना. शेजारच्या बाईने सांगितलं, शेवटी शेवटी चाचींना काहीच दिसत नव्हतं, हे हाताला धरून घरभर फिरवायचे आणि सांगायचे, इथे तुझा माठ, इथे उंबरा, आता खाडीला भरती आहे, पाणी पायऱ्यांपर्यंत आलंय. इंग्रजांच्या बराकींच्या गोष्टीसुद्धा सांगायचे. उंच माणसाच्या खिळ्याची गोष्ट चाचींना फार आवडायची म्हणे.

"चाचा, वेळेत आलात," मी म्हटलं.

"तिला दिसंल तवर यायचं चुकलं," ते म्हणाले. "पन मी आलो ते तिने ऐकलं. दारात पाय ठेवला आनि म्हनाली, कडी लावा आता. मग मी रोज लावायचो."

एस.टी.ची वेळ झाली तेव्हा ते मला सोडायला उठले. आम्ही दोघे अंगणात उतरलो. मागे घराचं दार सताड उघडं. इतक्या वर्षांची त्यांचीच सवय माझ्या हाडात मुरलेली. मी परत वळलो, दाराला हात घातला आणि आत बघून विचारलं, "आत कोण आहे का?"

"हाय," चाचा मागून म्हणाले. "ऱ्हाऊ दे उघडं."